साखरपुड्याची अंगठी घ्यायला निघालात? आधी हात बघा, मग डिझाइन

गेल्या महिन्यात मावसभावाचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन, "तू दुकानात होतीस ना, शनिवारी चल आमच्याबरोबर अंगठ्या बघायला." मी ठाण्यात नौपाड्याला एका सराफाकडे आठ वर्षं काउंटरला होते, त्यातली सहा वर्षं नुसत्या अंगठ्या. लेक झाल्यावर काम सोडलं, पण नात्यात कुणाचंही जमलं की मला बरोबर न्यायचं हे आता ठरूनच गेलंय. दर वेळी मी त्याच त्याच गोष्टी सांगते, त्या इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते. येत्या सीझनला ज्यांच्या घरी साखरपुडा आहे त्यांना उपयोग होईल.

दुकानात शिरल्या शिरल्या लोक मोबाइल पुढे करतात, असं डिझाइन दाखवा. मी मात्र आधी विचारायचे, ताई, तुम्ही दिवसभर हाताने काय काम करता? लोकांना वाटायचं ही कसली चौकशी करतेय. पण साखरपुडा तीन तासांचा असतो आणि अंगठी त्यानंतर रोज बोटात असते, त्याच हाताने कणिक मळायची, लोकलची कडी धरायची, लॅपटॉपवर टाइप करायचं, मूल झालं की त्याला अंघोळ घालायची. आमची होणारी वहिनी नेरूळला डेंटिस्ट आहे, दिवसभर ग्लोव्हज घाल काढ चालू असतं. तिला आवडलेली अंगठी म्हणजे उंच उभा सॉलिटेअर, चार नाजूक दांड्यांवर हिरा. सुंदरच होती, पण तिचा पहिला ग्लोव्हच त्यात अडकून फाटला असता. भाऊ रबाळे एमआयडीसीत मशीनवर असतो, तिथे अंगठी घालून आत सोडतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे कारण फिरत्या मशीनमध्ये अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. त्याच्यासाठी आम्ही आधीच ठरवलं की साधी गोल अंगठी घ्यायची, सहज निघणारी, आणि घरात तिची एक ठरलेली डबी. नर्स, शेफ, जिमला जाणारे, मातीकाम करणारे, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, म्हणून हा प्रश्न घरीच एकमेकांना विचारून मग बाहेर पडा.

आता पैशाचं. आपल्याकडे बहुतेक घरांत मुलीची अंगठी मुलाकडचे घेतात आणि मुलाची मुलीकडचे. यात अडचण अशी होते की जिने घालायची ती दुकानात नसते, किंवा असते पण होणाऱ्या सासूबाईंसमोर तोंड उघडत नाही. माझ्यासमोर कितीतरी मुलींनी "चालेल" म्हणून घेतलेल्या अंगठ्या आहेत ज्या नंतर लॉकरमध्ये गेल्या. म्हणून माझा आग्रह असतो की दोघांनी एकत्र जायचं, मोठ्यांपैकी एक एक जण बरोबर, बास, सात आठ जणांची वरात नको. आणि बजेट जाण्याआधी फोनवर स्पष्ट बोलून घ्या. दुकानात ट्रेसमोर बसल्यावर मुलीचं बोट नऊ ग्रॅमच्या अंगठीवर आणि काकांच्या डोक्यात पाच ग्रॅम, तेव्हा दोन्ही घरांना जो अवघडलेपणा येतो तो मी खूपदा पाहिलाय, आणि नवीन नात्याच्या सुरुवातीला तो कशाला. घरात कुणी पत्रिका मानणारं असेल तर हिरा चालतो का, नीलम नको का, तेही आधीच विचारा, ऑर्डर दिल्यावर हे निघालं की फार त्रास होतो.

मापाबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, कारण दुकानात परत येणाऱ्या अंगठ्यांमध्ये सगळ्यात जास्त मापाच्याच असायच्या. बोट दिवसभर एका जाडीचं नसतं. सकाळी बारीक, संध्याकाळी जाड, थंडीत बारीक, मे महिन्याच्या उकाड्यात फुगलेलं. आणि दुकानात एसी असतो! पंधरा मिनिटं एसीत बसलं की बोट आक्रसतं, तेव्हा घेतलेलं माप घरी घट्ट होतं. उलट भर दुपारी स्टेशनवरून चालत आलात आणि लगेच माप दिलं तर सैल अंगठी बनेल. म्हणून माप दोन वेगवेगळ्या दिवशी द्या, त्यातलं एक संध्याकाळी, आणि थोडा वेळ शांत बसून. दुकानात रिंगांचा जुडगा असतो, त्यातली रिंग घालताना सांध्यावर किंचित अडली पाहिजे आणि काढताना थोडं फिरवून काढावी लागली पाहिजे. सरळ घसरून येत असेल तर एक नंबर कमी करा.

आपल्याकडच्या नंबरचा हिशोब सोपा आहे, बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्यातून साधारण ४० वजा करा. कागदाची बारीक पट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि ५२ मिमी आली तर १२ नंबरच्या आसपास, ५४ आली तर १४. हे घरच्या घरी अंदाजासाठी, शेवटचं माप दुकानातच. डाव्या आणि उजव्या हाताचं माप सारखं नसतं, ज्या हाताने काम करतो तो अर्धा एक नंबर जाड असतो, म्हणून कुठल्या हातात घालणार ते आधी विचारा. काही घरांत उजव्या हातात घालतात, काही घरांत डाव्या, आणि हे ऐन पाटावर बसल्यावर कळलेलं मी पाहिलंय. अजून एक, पट्टी रुंद असली की तेच माप घट्ट लागतं. २ मिमीच्या नाजूक अंगठीला १२ नंबर बसत असेल तर ६ मिमीच्या बँडला, म्हणजे सरळ पट्टीसारख्या अंगठीला, १३ लागू शकतो, म्हणून ज्या रुंदीची घेणार त्याच रुंदीच्या रिंगने माप घ्या.

बोटाचा सांधा जाड आणि मूळ बारीक असेल तर अंगठी गोल गोल फिरते आणि खडा तळहाताकडे जातो. त्याला आतल्या बाजूने सोन्याचे दोन बारीक मणी लावून देतात, खर्च थोडा येतो, पण हा उपाय बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

आता सोनं कुठलं. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध, त्यालाच ९१६ म्हणतात. १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५. घरातली मोठी माणसं म्हणतात २२ च घ्या, मोडीला चांगलं. साध्या, खडा नसलेल्या अंगठीसाठी मीही तेच म्हणते. पण हिरा बसवायचा असेल तर २२ चं सोनं मऊ पडतं, हिऱ्याला धरणाऱ्या दांड्या रोजच्या वापरात वाकतात आणि एक दिवस हिरा गायब. म्हणून हिऱ्याच्या अंगठ्या १८ किंवा १४ मध्येच करतात, त्यात दुकानदार तुम्हाला फसवतोय असं काही नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा माल १८ चा आणि भाव २२ चा लावतात. २२ चा भाव ग्रॅमला १०,००० असेल तर १८ चा साधारण ८,१८० च्या जवळ यायला हवा, थोडंफार इकडे तिकडे. हा गुणाकार भागाकार फोनवर तिथेच करा, लाजू नका.

व्हाइट गोल्ड आवडत असेल तर एवढं लक्षात ठेवा की तो पांढरा रंग वरच्या रोडियमच्या मुलाम्याचा असतो. रोज घातलं की वर्ष दोन वर्षांत आतला पिवळट रंग दिसायला लागतो, परत मुलामा द्यावा लागतो. त्याची तयारी असेल तर घ्या. काहींच्या व्हाइट गोल्डमध्ये निकेल असतं, इमिटेशन घातल्यावर ज्यांना खाज येते त्यांनी आधी विचारून घ्या. प्लॅटिनमचा रंग मुळातच पांढरा, जात नाही, शुद्धता ९५० असते. त्याच मापाची प्लॅटिनमची अंगठी १८ कॅरेट सोन्यापेक्षा सव्वापटीहून जास्त जड भरते, म्हणून ग्रॅमचा भाव बघून स्वस्त वाटली तरी वजन बघा. सोनं १०६४ डिग्रीला वितळतं, प्लॅटिनमला १७६८ लागतात, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही कारागिराकडे माप वाढवून मिळत नाही आणि मोडीला घेतानाही प्रत्येक सराफ घेत नाही. ज्यांच्याकडून घेताय त्यांनाच विचारा की पुढे माप बदलायचं असेल तर इथेच होईल ना, कितीत होईल. आणि सोन्याला जसा सक्तीचा हॉलमार्क आहे तसा प्लॅटिनमला नाही, म्हणून आतला ९५० चा शिक्का आणि शुद्धतेचं कार्ड दोन्ही मागून घ्या.

वजन कमी भरावं म्हणून हल्ली अंगठ्या आतून पोकळ किंवा फार पातळ करतात. माझ्या स्वतःच्या साखरपुड्याची तशीच होती, मी दुकानात लागायच्या आधीची गोष्ट. दिसायला भरदार आणि वजन १.८ ग्रॅम. वर्षभरात अंडाकृती झाली, मग एका बाजूने चिरली. दुरुस्तीला नेली तेव्हा तिथल्या काकांनी तपासून सांगितलं की ही २२ ची नाहीच, १८ पण जेमतेम भरतेय. बिल काढलं तर त्यावर नुसतं "सोन्याची अंगठी १ नग" आणि खाली रक्कम, ना कॅरेट ना वजन. काय भांडणार? सासूबाईंनी साठवलेले पैसे होते ते, आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, रोज घालायची अंगठी भरीव घ्या, खालची पट्टी किमान दीड मिमी जाड हवी, दुकानात मोजायचं यंत्र असतं, मोजून दाखवा म्हणा. डिझाइन थोडं साधं चालेल, पट्टी पातळ नको.

खडा बसवायच्या पद्धतीत मला वैयक्तिक आवडतं ते कोंदण, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची पूर्ण कड, दुकानात त्याला बेझल म्हणतात. हिरा किंचित लहान वाटतो हे खरं, पण केसात अडकत नाही, साडीचे धागे ओढत नाही, कणिक आत जात नाही. उंच सॉलिटेअरच हवा असेल तर चारऐवजी सहा दांड्यांचा घ्या, एक तुटली तरी हिरा जागेवर राहतो. छोट्या छोट्या हिऱ्यांनी पूर्ण गोल भरलेली अंगठी फार सुंदर दिसते पण तिचं माप नंतर बदलता येत नाही, आणि लग्नानंतर, बाळंतपणात बोटाचं माप बदलतंच, म्हणून अर्धीच भरलेली घ्या, खालचा भाग साधा. सात हिरे जवळ जवळ बसवून एक मोठा वाटेल असं करतात, कमी पैशात छान दिसतं, पण त्यातला एक जरी पडला तरी लगेच नजरेत येतं.

हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एका कॅरेटचे १०० सेंट. सोन्याचा कॅरेट वेगळा आणि हिऱ्याचा वेगळा, यात भलेभले गोंधळतात. गोल हिरा ३० सेंटचा असेल तर वरून साधारण ४.३ मिमी दिसतो, ५० चा ५.१ च्या आसपास, एक कॅरेटचा ६.५. म्हणजे वजन दुप्पट झालं तरी दिसायला दुप्पट मोठा होत नाही, किंमत मात्र दुपटीच्याही वर जाते. नेमक्या ५० किंवा १०० सेंटच्या आकड्याला भाव चढतो, म्हणून ४६-४८ सेंटचा मिळाला तर घ्या, डोळ्याला काहीही फरक कळणार नाही.

कट, रंग, स्वच्छता यात पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर कटवर घाला. हिरा चमकतो तो कटमुळे, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यामुळे, उत्तम कटचा छोटा हिरा वाईट कटच्या मोठ्यापेक्षा जास्त उठून दिसतो. रंग डी पासून सुरू होतो आणि पुढे पिवळसर होत जातो. पिवळ्या सोन्यात जी-एच रंग बसवला तर पांढराच दिसतो कारण आजूबाजूचं सोनंच पिवळं, प्लॅटिनममध्ये मात्र एफ-जी बघा. स्वच्छतेत, म्हणजे हिऱ्याच्या आत डाग किती कमी यात, व्हीएस ही श्रेणी पुरेशी आहे, तिच्या वरच्या व्हीव्हीएसचे जादा पैसे भिंगातून बघणाऱ्यासाठी, आणि तुमच्या बोटाकडे भिंग घेऊन कोण बघणार आहे. मोठ्या हिऱ्याला जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट असावं, त्यावरचा नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेझरने बारीक कोरलेला असतो, भिंग मागा आणि नंबर जुळवा. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि कुठलाही नीट दुकानदार रागवत नाही.

लॅबमधला हिरा घ्यावा का, हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. तो खराच हिरा असतो, कार्बनच, नुसत्या डोळ्याने ओळखता येत नाही आणि दुकानातल्या टेस्टर पेनवरही हिराच दाखवतो. किमतीत फार मोठा फरक आहे, त्यामुळे ज्यांना मोठा खडा हवाय आणि पुढे विकायचा विचार नाही त्यांनी खुशाल घ्यावा, मी स्वतः माझ्या नणंदेला तोच घ्यायला सांगितला. पण परत देताना त्याला फारशी किंमत येत नाही, हे दोन्ही घरांना आधी माहीत हवं. आणि बिलावर, सर्टिफिकेटवर लॅब ग्रोन असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नंतर कुणाला कळलं आणि मनात किंतु आला, असं साखरपुड्याच्या अंगठीबाबत व्हायला नको. अमेरिकन डायमंड मात्र हिरा नव्हे, आणि मॉयसनाइट पण नव्हे, ते वेगळे खडे आहेत.

आता बिल, इथे लोक थकलेले असतात आणि घाईत सही करतात. हिशोब असा असतो. सोप्यासाठी २२ चा भाव ग्रॅमला १०,००० धरू आणि अंगठी ४ ग्रॅमची. सोनं झालं ४०,०००. घडणावळ १२ टक्के असेल तर ४,८००. दोन्ही मिळून ४४,८००, त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे १,३४४. हॉलमार्कचे एका नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा टॅक्स, ते ५३ रुपये. एकूण ४६,१९७. याच्यापेक्षा जास्त आकडा आला तर बोट ठेवून विचारा की हे कशाचे. घासाघीस भावावर होत नाही, घडणावळीवर होते. टक्क्यात घडणावळ लावली की सोनं महागलं की तीही आपोआप महागते, काम तर तेवढंच असतं, म्हणून साध्या अंगठीला ग्रॅममागे ठरावीक रुपये घडणावळ मिळते का ते विचारा. वेस्टेज, म्हणजे घडवताना होणारी घट, म्हणून वेगळी ओळ असेल तर घडणावळ आणि वेस्टेज मिळून किती होतात ते बघा.

खड्याची अंगठी असेल तर दोन वजनं लिहिलेली हवीत, एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन. सोन्याचा भाव निव्वळ वजनाला लागतो. अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याचं वजन ०.१ ग्रॅम होतं, अमेरिकन डायमंडच्या मोठ्या डिझाइनमध्ये खडे अजून जास्त भरतात, आणि ते सोन्याच्या भावाने विकत घेतले तर मोडताना सगळं वजा होतं. काट्यावरचा आकडा स्वतः वाचा, काटा आधी शून्यावर आहे ना बघा, आणि बिलावर तोच आकडा येतोय ना बघा.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी लोगो, शुद्धता म्हणजे २२के९१६ किंवा १८के७५० असं काहीतरी, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा अंकी नंबर असलेलेच दागिने विकायचे असा नियम आहे. बीआयएस केअर नावाचं ॲप फोनवर घ्या, त्यात नंबर टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार, कुठल्या केंद्रात हॉलमार्क झाला ते दिसतं. प्रकारात अंगठी लिहिलंय ना तेही बघा, कानातल्याचा नंबर अंगठीवर नको. एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत आहे, २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ही सक्ती नाही, आणि वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या सराफांनाही नाही. नाजूक लेडीज अंगठ्या हमखास २ च्या आत असतात, तेव्हा हॉलमार्क नसेल तर थोडं वजन वाढवून २ ग्रॅमच्या वरची घ्या आणि हॉलमार्क करून मागा, मी तरी हेच करते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीची फी मागायचा ग्राहकाला हक्क आहे, त्यासाठी पक्कं बिल लागतं. कच्च्या चिठ्ठीवर ३ टक्के वाचवायला जाऊ नका. दोन्ही अंगठ्या, मंगळसूत्र सगळं एकत्र घेत असाल आणि बिल दोन लाखांवर जात असेल तर पॅन कार्ड लागतं आणि दोन लाख किंवा त्यावर रोख देता येत नाहीत, चेक किंवा ऑनलाइनची सोय ठेवून जा, नाहीतर ऐन वेळी काकांना एटीएम शोधत फिरावं लागतं आणि उपयोगही होत नाही.

जुनं सोनं मोडून करायचं असेल, आजीच्या पाटल्या वगैरे, तर यंत्रावर तपासून किती टक्के भरतं ते कागदावर घ्या, आणि वितळवायचं असेल तर तुमच्यासमोर. जुन्या दागिन्यात डाक, म्हणजे जोडकामाचा धातू, जास्त असतो त्यामुळे थोडी घट येतेच, पण किती ते आधी सांगायला हवं. आजीची एखादी छोटी अंगठी असेल तर मोडण्याआधी एकदा पॉलिश करून बघा. माझ्या एका चुलत बहिणीने पणजीची अंगठी फक्त माप कमी करून आणि आतून पट्टी जाड करून घातली, मला वाटतं आमच्या घरातली सगळ्यात देखणी तीच आहे.

कुठे जायचं? ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका या भागात चालत चालत पाच सहा दुकानं होतात, गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत या. नवी मुंबईवाल्यांना वाशी सेक्टर १७ आहे. झवेरी बाजारला व्हरायटी खूप, दोन्हीकडून लोकलने मस्जिद किंवा सीएसएमटीला उतरायचं, वेगळं काही बनवून घ्यायचं असेल तर जरूर जा. पण साखरपुड्याच्या अंगठीचं माप एकदा तरी बदलावं लागतंच आणि दर वेळी त्या गर्दीत जाणं होत नाही, म्हणून माझं मत घराजवळच्या दुकानाचं. अक्षय्य तृतीया, धनत्रयोदशी, गुरुपुष्य या दिवशी निवड करायला जाऊ नका, कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. निवड आधी करा, मुहूर्ताला फक्त घरी आणा. पितृपक्षात दुकानं रिकामी असतात, तुमच्या घरात चालत असेल तर नुसतं बघून ठेवायला त्यासारखी वेळ नाही. ऑर्डर देणार असाल तर साखरपुड्याच्या किमान चार आठवडे आधी. ॲडव्हान्स दिल्यावर भाव बांधला जातो का, आणि भाव उतरला तर कमी भाव मिळेल का, हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको.

लग्नाच्या बँडचं थोडक्यात. आपल्यात लग्नाला मंगळसूत्र आणि जोडवी असतात, बँड असा प्रकार नव्हता, पण आता बरीच जोडपी रोज घालायला एकसारखे बँड घेतात, आणि मला ती कल्पना आवडते, भारी अंगठी सणासुदीला आणि बँड रोज. माझी एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिश्चन समाजातली, मैत्रीण आहे ठाण्याचीच, त्यांच्यात चर्चमध्ये फादर बँडला आशीर्वाद देतात आणि मग एकमेकांना घालतात, त्यांचे बँड साधे, बिनखड्याचे, आणि तिच्या आईच्या बोटातला इतकी वर्षं तसाच आहे. डिझाइन एक ठेवा पण रुंदी एक ठेवू नका, तिला २-३ मिमी आणि त्याला ४-६ शोभतो. कड आतून गोलसर केलेली मागा, कम्फर्ट फिट म्हणतात, घामाने चिकटत नाही. बँड साखरपुड्याच्या अंगठीच्याच बोटात घालणार असाल तर ती अंगठी घेऊन जा आणि दोन्ही एकत्र घालून बघा, आणि शक्यतो एकाच धातूच्या घ्या, एक कडक एक मऊ असेल तर मऊ झिजते. आत नाव किंवा तारीख कोरायची असेल तर लेझरने देवनागरीतही होते, पण माप पक्कं झाल्यावरच कोरा, नाहीतर पट्टी कापताना अक्षर जातं.

घरी आणल्यावर कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, एवढं महिन्यातून एकदा पुरतं. ब्लीच, स्विमिंग पूल याच्यापासून लांब ठेवा. जुना थर्मामीटर फुटला तर अंगठी काढून मग साफ करा, पारा लागला की सोनं पांढरं पडतं. हिऱ्याच्या अंगठीला कानाशी धरून बोटाने हलकी टिचकी मारा, आत खुळखुळ आवाज आला तर दांड्या सैल झाल्यात, त्याच दिवशी दुकानात न्या. आणि कधी अंगठी अडकलीच तर ओढाओढ करू नका, हात थोडा वेळ वर धरा, गार पाण्यात घाला, साबण लावा. तरी निघाली नाही तर शिवायचा दोरा अंगठीखालून तळहाताच्या बाजूला सरकवा आणि नखाच्या बाजूने सांध्याच्या पुढेपर्यंत घट्ट गुंडाळा, मग तळहाताकडचं टोक धरून उलगडत चला, अंगठी दोऱ्यावरून हळूहळू पुढे येते. बोट निळं पडायला लागलं तर मात्र वाट बघू नका, सराफाकडे किंवा दवाखान्यात कापून घ्या, अंगठी परत जोडता येते.

आमच्याकडे शेवटी वहिनीने १८ कॅरेटची, कोंदणातली, २० सेंटचा एकच हिरा असलेली निवडली, पट्टी १.८ मिमी, वजन ४ ग्रॅमच्या जवळपास. ग्लोव्ह बरोबर घेऊनच आली होती, दुकानात तीन वेळा घालून काढून बघितला, कुठेही अडकला नाही. भावाची २२ ची साधी गोल. पुढच्या शुक्रवारी दोन्ही तयार होतील, मावशीने मला आत्ताच सांगून ठेवलंय की काटा आणि ॲपवरचा नंबर बघायला तूच ये.